अठरावं लागलं

रतनला कुणी काही सुचवलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोळी-भाजी केंद्रात ती कामाला लागली त्याच सकाळी तिनं शेगडी या भिंतीची त्या भिंतीला नेली. दुपारी मी ती परत जागेवर आणली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पलीकडे. असं आम्ही आठवडाभर केलं. शेवटी माझाच जीव मेटाकुटीला आला, म्हणून शेगडी आजही तिच्याच भिंतीला आहे. तिथं वारा येतो, जाळ हलतो, गॅस फुकट जातो, हे मी तिला किती वेळा दाखवलं. तिला ते दिसत नाही, कारण तिला ते बघायचं नसतं.

माझं नाव उत्तरा. नवरा गेल्यावर मी ठाकुर्लीला हे केंद्र काढलं. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायका पोळ्या आणि एखादी भाजी बांधून नेतात आणि घरी जाऊन नुसता कुकर लावतात. रतन इतकी वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटते आहे की निम्मी गिऱ्हाइकं तिलाच मालकीण समजतात, आणि ती त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. मला तिचा राग येतो आणि तिच्यावाचून माझं पानही हलत नाही. फेब्रुवारीत जे झालं त्यानंतर लोक तिच्याबद्दल फार सहज बोलायला लागले. काय ही आई, म्हणे. बोलणाऱ्यांचं काय जातं? म्हणून मी हे लिहायला बसले.

रतन मुरबाडच्या पुढच्या एका गावची. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि रामाबरोबर ठाण्यात कोलशेतला आली. रामा तिथल्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, तशी दोघं ठाकुर्लीच्या चाळीत आली. आता कोलशेतलाच उभ्या राहिलेल्या एका टॉवरवर रामा वॉचमन आहे. तो तिथंच खोलीवर राहतो, सुट्टीला घरी येतो आणि आल्यावरही फारसं बोलत नाही. बोलायचं खातं रतनकडे आहे. पोरांबद्दल कुणी विचारलं की ती एका दमात सांगायची, "पहिलं राहिलं नाय, मग प्रियांका." पुढं काही विचारायची सोय नसे.

चाळीत कुणाला दिवस गेले की ती बाई आधी रतनला तोंड दाखवायला यायची. रतन तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची आणि निकाल द्यायची. तोंडावर तेज असलं की सगळं ठीक. तेज नसलं की खजूर, तूप आणि आराम. कुणी सोनोग्राफीचं वगैरे बोललं की हातातलं लाटणं छातीवर आपटून म्हणायची, "सोळाव्या वर्षी लग्न झालं, सतराव्या वर्षी दिवस गेले. काय झालं मला?" समोर एवढी धडधाकट बाई उभी असायची की विचारायला आलेली तिथूनच खजूर घ्यायला जायची.

प्रियांका बारावी कॉमर्सला होती. कॉलेज सुटलं की केंद्रात यायची, पोळ्या मोजून कागदात बांधायची आणि गिऱ्हाईक वळलं की त्याची नक्कल करायची. एक जोशीबाई आहेत, त्या पोळी उलटीपालटी करून वास घेतात. प्रियांका त्यांच्यासारखं नाक उडवून दाखवायची आणि मी हसू दाबत बसायचे, कारण जोशीबाई अजून पायरीवरच असायच्या. तिला बँकेत कॅशियर व्हायचं होतं. का, तर एसीत बसायला मिळतं आणि लोक रांगेत गप उभे राहतात. आईचा हट्ट तिच्यात होता, पण तिला तो हसण्यात लपवता यायचा. मला ती पोर फार आवडायची.

नवरात्रात तिचं खाणं बंद झालं. फोडणीचा वास आला की तोंडावर ओढणी धरून बाहेर पळायची. रतन म्हणाली, पित्त झालंय, रात्रीची जागते आणि मोबाइल बघते. कोकम दिलं, आवळा दिला. मीही म्हटलं, पित्तच असणार. मग ती केंद्रात यायचीच बंद झाली. अभ्यास आहे, रतननं सांगितलं. बारावीचं वर्ष, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

खरं काय झालं होतं ते मला रतननं फार उशिरा सांगितलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. प्रियांकाला दिवस गेले होते. मुलगा जवळच्याच कोपर गावचा, सुमित नावाचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, बावीस वर्षांचा. मुलगा वाईट नव्हता. पोटाचं कळल्यावर तो पळाला नाही, उलट आईला घेऊन रतनच्या दारात आला. रतननं आधी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि मग चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन कल्याणला एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. ठाकुर्लीत नको, कोपरला नको, ओळखीचं कुणी भेटायला नको. पोरीचं नावही खोटं सांगितलं, चित्रा. डॉक्टरीणबाईंनी प्रियांकाला टेबलावर झोपवलं आणि वय विचारलं. रतन म्हणाली, "अठरावं लागलं."

आता हे बोलणं तुम्ही-आम्ही सगळेच करतो. मुलीला सतरा पूर्ण झाली की दुसऱ्या दिवसापासून तिला अठरावं लागतं. स्थळ सांगताना, कौतुक करताना, पोरगी हाताबाहेर गेली म्हणून रडताना, आपण लागलेलं वर्ष सांगतो. रतनच्या हिशेबात अठरावं लागलं म्हणजे अठराची झाली. सरकार म्हणतं अठरा, इथं अठरावं लागलं, मग भांडण कुठं आहे?

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "म्हणजे सतरा पूर्ण. अठरा पूर्ण कधी होतील?"

"मार्चात."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे मला पोलिसांना कळवावं लागेल. कायदाच तसा आहे, माझ्या हातात नाही. पण घाबरू नका. उपचार कुठंच थांबत नाहीत. अजून फार दिवस झालेले नाहीत, काय करायचं ते आपण सगळे मिळून ठरवू.

रतननं त्यातला एकच शब्द ऐकला. "पोराचं काय करतील?"

"ते मी कसं सांगू? ते कोर्ट बघेल."

रतननं पोरीचा दंड धरला आणि टेबलावरून खाली ओढलं. डॉक्टरीणबाई जिन्यापर्यंत मागे आल्या. "अहो, निदान तिचं बीपी तरी बघू द्या," असं त्या वरून म्हणत होत्या आणि या दोघी खाली रस्त्यावर पोचल्या होत्या. रतन मला म्हणाली, ताई, मी मागं वळून पाह्यलं पण नाय.

दिवाळीनंतर गावाला नेऊन दोघांचं लग्न लावलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, घरातल्या घरात हार घातले. आणि दोन्हीकडच्या आयांनी मिळून एक बेत ठरवला. मार्चात पोरीला अठरा पूर्ण होतील. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन नाव घालायचं. मग वय विचारलं तरी बिनधास्त सांगायचं, कार्ड दाखवायचं, लग्नाचा फोटो दाखवायचा. बाळंतपण तर मेअखेरीला. तोपर्यंत पोरगी घरात ठेवायची आणि कुणाला दिसू द्यायची नाही. बेत इतका सरळ होता की रामासुद्धा हो म्हणाला.

मला तिनं लग्नाचं सांगितलं ते पेढ्यांचा पुडा ठेवून. पोट लपवलं, लग्न सांगितलं. मी पुडा तसाच सरकवला.

"बारावीच्या मुलीचं लग्न? वय काय तिचं?"

"अठरावं लागलं की."

"अठरावं लागलं म्हणजे सतरा पूर्ण, रतन. अठरा नव्हे."

"ताई, तुमचा हिशेब तुमच्यापाशी ठेवा. पोरगी खूश आहे."

आम्ही त्या दिवशी इतक्या भांडलो की भाजी लागली. मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकही उलट उत्तर दिलं नाही, आणि तेच मला विचित्र वाटलं. रतन ऐकून घेते म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. थोड्या दिवसांनी तिनं हळूच सांगितलं, प्रियांकाला दिवस आहेत. मी कपाळाला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "नाव घातलं का?"

"घातलं तर. ठाण्याला, मोठ्या दवाखान्यात. तिच्या बापाला जवळ पडतं ना, त्यानंच घातलं."

रतन हट्टी आहे, भांडकुदळ आहे, पण इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मी विश्वास ठेवला.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी तिच्या खोलीवर गेले. प्रियांका माहेरीच होती. कोपरच्या गल्लीत बायका फार विचारतात म्हणून सासूनं, शांताबाईंनी, तिला इकडे पाठवलेलं. दार अर्धं लोटलेलं, खिडकीला चादर लावलेली, दिवसाउजेडी ट्यूबलाइट चालू. प्रियांका भिंतीला टेकून बुककीपिंगचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. कॉलेजात कावीळ झाल्याचं कळवलं होतं. तिला परीक्षेला बसायचं होतं.

"काकू, आई बसू देत नाय," ती म्हणाली. "म्हणते पोट दिसेल. मी बोलली मोठा ड्रेस घालते ना, बेंचखाली कोण बघतंय? सगळ्या मैत्रिणींनी ग्रुपमधून पण काढलंय मला. कावीळ कोणाला एवढी होते यार."

ती हसली, पण तिचं हसू मला ओळखू आलं नाही. चेहरा गोल झाला होता, डोळे बारीक, पापण्या जड. रतन तिची हनुवटी धरून माझ्याकडे वळवत म्हणाली, "बघा ताई. कसं तेज चढलंय." चाळीतल्या रतनच्या विश्वासातल्या दोघीतिघी दाराशी होत्या, त्याही हो हो म्हणाल्या. मी खाली पाहिलं तर प्रियांकाच्या पायात बापाच्या चपला होत्या. तिच्या स्वतःच्या चपला दाराशी पडल्या होत्या आणि त्यांवर धूळ बसली होती.

"डोकं सारखं ठणकतं काकू. वाचायला बसली ना, की अर्धी ओळ दिसते, अर्धी दिसतच नाय. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

"अकाउंटचं पुस्तक उघडल्यावर कोणालाबी चमकतील," रतन म्हणाली आणि बायका हसल्या. प्रियांकापण हसली.

"डॉक्टरांना सांगितलंस का हे?" मी विचारलं.

उत्तर रतननं दिलं. "सांगितलंय. ते बोलले अशक्तपणा आहे. सरबत द्या, मीठ-साखर घालून." प्रियांकानं पुस्तकात मान घातली. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "काकू, मार्च कधी लागतो?" म्हटलं, हा काय प्रश्न झाला, फेब्रुवारी संपला की लागतो. मला वाटलं ती परीक्षेचं विचारते आहे.

त्यानंतर रतनचं कामात लक्ष लागेना. पोळ्या करपायच्या. मधेच हात थांबवून कॅलेंडरकडे बघत राहायची. फोन वाजला की दचकायची. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, मिरची लागली डोळ्याला. ती दिवसेंदिवस आक्रसत चालली होती आणि मला वाटायचं, पोरीच्या काळजीनं असेल. काळजीच होती ती. फक्त ती भलत्याच गोष्टीची होती.

फेब्रुवारीत सातवा लागला तेव्हा ओटी भरायचं ठरलं. एका दुपारी मी गेले. ओटभरणं म्हटलं की गाणी, हसणं, उखाणे, पेढा का बर्फी. इथं दार आतून बंद होतं. शांताबाई हिरवी साडी आणि नारळ घेऊन कोपरहून आल्या होत्या, चाळीतल्या दोन बायका होत्या, आणि सगळ्या कुजबुजत बोलत होत्या. बाहेर आवाज जाईल म्हणून गाणं कुणी म्हटलं नाही. एखाद्याच्या मयताला जमावं तसं आम्ही त्या पोरीभोवती बसलो होतो. हे मला तेव्हाही वाटलं आणि मी स्वतःलाच दटावलं.

हिरव्या बांगड्या तिच्या हातात जाईनात. साबण लावला, तेल लावलं. शांताबाई म्हणाल्या, अंग भरलंय, चांगलं आहे. एक बांगडी कशीबशी गेली, दुसरी फुटली. शांताबाईंनी काचा गोळा केल्या. प्रियांका म्हणाली, "आई, इथं वर दुखतंय. बरगडीखाली. खूप दुखतंय."

"बाळ लाथा मारतंय," शांताबाई म्हणाल्या आणि तिच्या ओटीत तांदूळ घालायला वाकल्या.

प्रियांकाची मान एका बाजूला वळली. डोळे वर गेले. मग तिचे दात बसले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. ओटीतले तांदूळ फरशीभर उडाले, नारळ घरंगळत दारापर्यंत गेला. तोंडाच्या कोपऱ्यातून फेस आला, त्यात रक्त होतं, कारण जीभ दातांखाली आली होती.

"बाहेरचं आहे हे," शांताबाई मागे सरकत म्हणाल्या. "भर दुपारची हिरवी साडी नेसवली. मीठ-मोहऱ्या आणा, उतरून टाका आधी."

मी रतनकडे पाहिलं. जिला आयुष्यात कुणाचं ऐकणं माहीत नाही, जी देवाशीसुद्धा वाद घालेल, ती बाई मुकाट उठली आणि मोहरीचा डबा काढायला गेली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती घाबरली होती, पण तिला नवल वाटलं नव्हतं. जणू ही गोष्ट तिच्या ओळखीची होती.

मी त्या बायकांवर ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही. प्रियांकाला कुशीवर वळवलं. चाळीतल्या माणसांनी चादरीत घालून तिला खाली आणलं. जिला कुणी बघू नये म्हणून एवढा आटापिटा केला, ती सगळ्या चाळीसमोरून, उघड्या पोटानं, हिरव्या साडीत गेली. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली आणि लगेच अँब्युलन्सनं ठाण्याला हलवलं. वाटेत तिला आणखी एक झटका आला. रतनच्या मुठीत अजून मोहऱ्या होत्या.

ठाण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण धावतच आली. बीपी इतकं वर गेलं होतं की तिनं ते दोनदा मोजलं. मग तिनं विचारलं, "नाव कुठं घातलंय? आधीचे कागद द्या."

रतन मोहऱ्यांची मूठ आवळून उभी.

मी म्हटलं, "इथंच घातलंय ना? सांग की."

"कुठंच नाय घातलं," रतन म्हणाली.

तेव्हा मला कळलं. तिथंच तिच्या कानाखाली आवाज काढावा असं मला वाटलं. आजही मी ते नाकारत नाही. पण डॉक्टरीणबाईंना रागवायलाही वेळ नव्हता. त्या भराभर विचारत होत्या. कधीपासून सूज आहे? डोकं कधीपासून दुखतंय? दिसायला त्रास होत होता का? प्रत्येक प्रश्नाला हो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात असं काही झालं होतं?"

"नाय. मला काय झालं नाय."

"सगळी बाळंतपणं नीट झाली?"

"हो. पहिल्या खेपेला फक्त बाहेरचं झालेलं."

डॉक्टरीणबाई थांबल्या. "बाहेरचं म्हणजे काय झालं होतं? मला सगळं सांगा."

"मला काय आठवत नाय. सासू सांगायची. दात बसलेले. आंग असं असं करत होतं. दोन दिवस सुद नव्हती. भगत आणला, त्यानं उतरवलं. मी वाचली. मूल पोटातच गेलं."

"किती वर्षांच्या होता?"

"सतरावं..." एवढंच म्हणून रतन थांबली.

"मावशी, ते बाहेरचं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, अगदी हळू. "तुमच्या मुलीला झालंय ते हेच आहे. एवढ्या लहान वयात, पहिल्या खेपेला, असं होण्याची भीती जास्त असते. आईला झालेलं असेल तर आणखी जास्त. आधी कळलं असतं तर बीपीच्या गोळ्या देता आल्या असत्या." आणि त्या आत धावल्या.

रतन खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यात आजारपण एका खणात होतं आणि बाहेरचं दुसऱ्या खणात. काय झालं मला, असं ती छाती ठोकून विचारायची तेव्हा तिला खरंच वाटायचं की काही झालं नाही. ती मेली होती आणि परत आली होती, तिचं पहिलं मूल त्यात गेलं होतं, आणि एवढी मोठी गोष्ट त्या एका शब्दाखाली निजली होती. मी बाकावर तिच्या शेजारी बसले. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. नुसतं रडू येत होतं.

ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी झाली, किलोभराचीही नसेल, तिला पेटीत ठेवलं. प्रियांकाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिनं डोळे उघडले नाहीत. रामा कोलशेतहून युनिफॉर्मवरच आला आणि दारापाशी उभा राहिला, जसा टॉवरवर उभा राहतो तसाच. सुमित काचेला नाक लावून पेटीकडे बघत होता. दोन दिवसांनी सकाळी प्रियांका गेली. मार्च लागायला अजून थोडे दिवस होते.

त्याच दुपारी पोलीस आले. म्हणजे एक बाई आल्या, तरुण होत्या, साडीऐवजी खाकी शर्ट-पँटमध्ये, खांद्याला घरून आणलेल्या डब्याची पिशवी. त्या रतनला कोपऱ्यातल्या बाकावर घेऊन गेल्या. रतननं माझा हात सोडला नाही, म्हणून मीही गेले. त्यांनी आधी आपली पाण्याची बाटली रतनला दिली आणि तिनं पाणी पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही. मग एकेक प्रश्न विचारला. रतननं काही लपवलं नाही. मुलाचं नाव, पत्ता, लग्न कुठं लावलं, कुणी लावलं, सगळं सांगितलं. सुमित स्वतःहून पुढे येऊन उभा राहिला. त्याला त्यांच्याबरोबर जावं लागणार हे सगळ्यांनाच कळत होतं. जाण्यापूर्वी बाईंनी त्याला पेटीपाशी जाऊन यायला सांगितलं आणि तोपर्यंत त्या थांबल्या.

रतन त्यांच्याकडे टक लावून बघत होती. छातीवरची नावाची पट्टी, केसांची पिन, डब्याची पिशवी.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "मी दिवाळीच्या आधीच दवाखान्यात थांबली असती, तर तुम्हीच आला असता का?"

"मी नाही तर माझ्यासारखीच कुणीतरी," त्या म्हणाल्या. "अशा केसला बाईच जाते, मावशी."

"हे असंच विचारलं असतं? पाणी देऊन?"

"हो."

"आणि पोरगी दवाखान्यातच राहिली असती?"

"दवाखान्यातच. आम्ही पेशंटला कशाला हलवू?"

रतननं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ताई, मग मी कुणापासून लपवत होती पोरीला?"

आतून नर्स आली आणि तिनं विचारलं, प्रियांकाच्या बाळाचं कोण आहे? रतन उठून गेली.